आतल्या बाजूचं बटण

मालकानं मला कोंडलं. मीच बसवलेल्या कुलुपानं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. शिलाईच्या शेडला मी विजेचं कुलूप जोडत होतो. चौकटीला चुंबक, दाराला लोखंडी पट्टी. करंट आहे तोवर दार चिकटलेलं, बाहेरून कार्ड दाखवलं की सुटतं. आतल्या माणसाला बाहेर पडायला बटण लागतं. ते मी आणलं होतं.

"त्यांना कशाला बटण?" मालक म्हणाला.

"आग लागली तर?"

तो हसला. "तू आत जा की. दार पक्कं लागतंय का बघ."

मी आत गेलो. दार चिकटलं. दाराच्या काचेपलीकडं तो उभा. एका हातात कार्ड, दुसऱ्यात चहा. मी काच वाजवली. त्यानं फुरका मारला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात मॅनेजरला म्हणाला, "यांच्या लोकांना दार उघडं दिसलं की चोरीला हात शिवशिवतात. राहू दे जरा आत. सवय होईल."

मॅनेजर हसला. त्याला पगारच हसायचा होता.

माझी आई अशाच शेडमध्ये टॉवेलच्या कडा शिवायची. तेव्हा बाहेरून साधी कडी असायची. लघवीला जायचं तर दार बडवायचं आणि वॉचमनची मर्जी होईपर्यंत थांबायचं. एकदा त्याची मर्जी झाली नाही. आई ओल्या लुगड्यानं भर बाजारातून चालत घरी आली. मला वाटलं, कारखान्यात असंच असतं.

मागच्या मशिनी थांबल्या होत्या. बायका बघत होत्या. त्यांना यात नवल नव्हतं. रोज त्याच तर कोंडल्या जात होत्या.

मी स्टूल ओढलं. वर चढून चुंबकाची लाल वायर उपटली. दार सुटलं.

"वायर जोड," मालक म्हणाला. हसू गेलं होतं.

"आधी बटण."

"काय वाढवून पाहिजे ते घे. बटण नको."

उभा जन्म मी रेटवरून भांडलो. त्या दिवशी समोरचा आपणहून वाढवून देत होता आणि मला त्याची शिसारी आली. मी बायकांकडं वळलो. मोठ्यांदा बोललो, "ही लाल वायर. ओढली की दार उघडतं."

एक वयस्कर अक्का म्हणाली, "शॉक मारतंय काय ओ ती?"

"न्हाय मारत, अक्का."

"मग स्टूल हितंच ऱ्हाऊ दे."

"माझ्या कारखान्यात माझ्याच माणसांना शिकवतोस?" मालक ओरडला.

"व्हय."

हत्यारं उचलली आणि निघालो. नंतर अक्काकडून कळलं, त्यानं दुसऱ्या कुणाकडून कुलूप जोडून घेतलं. वायर भिंतीत गाडली. स्टूलही हलवलं.

मी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडं तक्रार दिली आहे. स्वतःच्या नावानं. तिथला साहेब म्हणतो, मिटवून घ्या. मिटवायचं काय? भाव मी करतो, पण वायरचा आणि मजुरीचा. त्या दारावर आतून बटण बसेपर्यंत मी त्या साहेबाच्या टेबलासमोरून उठणार नाही.