शमीम सिस्टरांचा गुरुवार

शमीम सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. उंबरा केवढा उंच आहे, न्हाणीतलं पाणी कुठवर आलंय, टेबलफॅनची वायर कुठून आडवी गेलीय, हे सगळं बघून झालं की मग मान वर करून, "काय बाई, बरं आहे ना?" मी, मंगल, आशाताई म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका म्हणून नवीन लागले, त्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर पवनानगरच्या अलीकडे एका घरी गेले होते. दारात गोणपाटाचं पायपुसणं होतं, एक कोपरा वर आलेला. सिस्टरांनी ते पायाने ढकलत थेट अंगणात नेलं. घरची म्हातारी चुलीपुढून ओरडली, "आगं बाय, आमचं पायपुसणं तुला काय आडवं आलं?"

"मला नाही, तुम्हाला येईल. पाय उचलून कुठं चालता तुम्ही आता? घासत चालता."

म्हातारीने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. ही बाई माझी नोकरी सुरू व्हायच्या आधीच संपवणार, असं मला वाटलं. नोकरी म्हणायची आपली पद्धत, आशाला कोण नोकरदार म्हणतं?

सिस्टर आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. जन्म कामशेतचा, वडील भाताच्या गिरणीत कामाला होते. बुटक्या, अंगाने भरलेल्या, पायात मागून पट्टा असलेली रबरी तळव्याची चप्पल. मागे पट्टा नसलेल्या सपाता घालून कुणी म्हातारं माणूस दिसलं की त्या रस्त्यात थांबवून बोलत. "म्हातारं माणूस पडत नाही गं," त्या मला सांगत, "घर त्याला पाडतं." मग त्या घराचा पाढा सुरू व्हायचा. ह्या दिव्याचं बटण खाटेपासून लांब आहे, त्या न्हाणीतला दगड शेवाळलाय, हा आबा रक्तदाबाची गोळी घेऊन तडक उभा राहतो म्हणून त्याला भोवंड येते. सांगून सांगून त्यांचं तोंड दुखायचं आणि ऐकून ऐकून माझे कान. ऐकणारे मात्र मजेत असायचे.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची कापडी पिशवी. मूल लांबवायचं किंवा थांबवायचं असलेली बाई समोर आली की त्या चटईवर बसायच्या आणि पिशवीतलं सगळं बाहेर मांडायच्या. सगळं मांडून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. सारिका नावाच्या एका पोरीच्या घरी मी हे पहिल्यांदा पाहिलं. मांडीवर नऊ महिन्यांचं मूल, नवरा जीपवर ड्रायव्हर. चटईवर निरोध, गोळ्यांचं पाकीट, इंजेक्शनची बाटली, तांबी म्हणजे कॉपर-टी, असं सगळं ओळीने लागलं. ऑपरेशन काही पिशवीतून काढता येत नाही, म्हणून सिस्टरांनी सारिकाकडूनच एक रिकामी वाटी मागून घेतली आणि शेवटी पालथी ठेवली.

"ही वाटी म्हणजे ऑपरेशन. बाईचं नाहीतर बाप्याचं. बाप्याचं सोपं असतं, पण बाप्या अवघड असतो. आणि ह्या वाटीला परतीचं तिकीट नाही, एवढं ध्यानात ठेव."

सारिका तोंडाला पदर लावून हसली. मग सिस्टरांचे प्रश्न सुरू झाले. गोळी रोज घ्यायची, रोज म्हणजे रोज, तर ह्या घरात तुझं असं काही आहे का जिथं दुसऱ्याचा हात जात नाही? सारिकाने बराच विचार केला. "न्हाई वो बाई. माज्या पत्र्याच्या पेटीतबी सासूबाईंचा हात आसतो." इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पाळी मागंपुढं होते, सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, घरात कुरकुर होईल का? निरोधने रोगही टळतो, बाकी कशानेच टळत नाही, पण ते त्याच्या मर्जीवर. तुझ्या नवऱ्याची मर्जी कशी आहे? तांबी बसवली की काही वर्षं बघायला नको, काढली की पुन्हा मूल होतं, पण सुरुवातीला अंगावरून जास्त जातं, कळा येतात. तुला आधीच जास्त जातं का?

"तुमीच सांगा की बाई, कुटलं चांगलं?"

"मला वापरायचं नाही."

एक तास गेला. माझी अजून चार घरं बाकी होती आणि मला जांभया येत होत्या. शेवटी सारिकाने तांबीकडे बोट केलं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, सिस्टर, हे तुम्ही पाच मिनिटांत सांगितलं असतं. तर म्हणाल्या, "पोट तिचं, बोट आपलं नको." हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की त्यांनी तोंड उघडलं तरी मला ते ऐकू यायचं.

आता माझी चूक सांगते. माझ्या रजिस्टरात त्या महिन्यात ऑपरेशनचा रकाना कोरा होता आणि तालुक्याच्या मिटिंगमध्ये उभं राहून उत्तर द्यायचं मला अगदी जिवावर आलं होतं. दोन मुलं झालेल्या एका बाईला मी सिस्टरांसमोरच म्हटलं, "करून टाक ना ऑपरेशन, कटकट मिटली." सिस्टर तिथं काही बोलल्या नाहीत. फाट्यावर जीपची वाट बघत आम्ही बसलो, तेव्हा बोलल्या.

"मी चोवीस वर्षांची होते, मंगल. महिना संपत आलेला आणि मला ऑपरेशनच्या दोन केस कमी होत्या. बेडशाच्या बाजूला एका वाडीवर हौसाबाई म्हणून होती, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मोठी मुलगी, धाकटा मुलगा. ती म्हणाली, बाई, पोरगं जरा थोर होऊ द्या, दुसरं काय आसंल तर बगा. पिशवीत तांबी होती गं. मी बाहेर काढली नाही. म्हटलं, दुसरं काही नाही, हेच आहे."

त्या रस्त्याकडे बघत पुढे म्हणाल्या, "ऑपरेशन झालं. वर्षाच्या आत पोरगा तापाने गेला. नवऱ्याने दुसरी केली आणि तिकडेच राहिला."

त्यानंतर सिस्टरांची बदली झाली. बऱ्याच वर्षांनी त्या परत आल्या, तेव्हा हौसाबाई त्याच घरात एकटी होती. मुलगी खोपोलीकडे दिलेली, तिच्या मागे तिचा संसार. एकदा सकाळी हौसाबाई न्हाणीच्या दगडावरून घसरली आणि दुपार कलेपर्यंत तिथंच पडून राहिली. ताक मागायला आलेल्या शेजारणीने पाहिलं. मनगट मोडलं होतं. हे सिस्टरांच्या कानावर आलं, आणि तेव्हापासून दर गुरुवारी त्या तिच्याकडे जाऊ लागल्या. पहिल्याच गुरुवारी त्यांनी तिला पिशवीतल्या तांबीचं खरं सांगून टाकलं होतं.

"तिनं पडायला नको, मंगल. पडली तर उचलायला जो आला असता, त्याची वाट मी बंद केली."

पुढच्या गुरुवारी मला त्यांनी बरोबर नेलं. मला जायचं नव्हतं, खरं सांगते. आठवडाभर पायपीट करून गुरुवारी पुन्हा चढावरची वाडी कुणाला हवी असते? हौसाबाई ओटीवर बसली होती, उंच, हाडकुळी, नजरेला धार. आम्हाला बघून ना या म्हणाली, ना बसा. सिस्टर नेहमीप्रमाणे खाली बघत आत गेल्या. शेवाळलेला दगड त्यांनी आधीच काढून तिथं खरखरीत फरशी बसवून घेतली होती. भिंतीला लोखंडी नळीचा कठडा, खाटेच्या हाताशी दिव्याचं बटण. त्या दिवशी त्यांनी तिला ओट्याला धरून टाचा उचलायला लावल्या. "दहा वेळा. पायात बळ राहतं."

"माज्या पायातल्या बळाची तुला लय काळजी," हौसाबाई म्हणाली. पण दहा वेळा उचलल्या.

काठी मात्र तिने कधी घेतली नाही. सिस्टरांनी चांगली रबरी बुडाची काठी आणून दिली, ती तिने वेलाला आधार म्हणून परसात रोवली. सिस्टर तिला म्हणाल्या, "वेल पडायचा नाही, तू पडशील." हौसाबाई म्हणाली, "मग तू कशाला येतीस?" आणि मला वाटतं त्या क्षणी दोघीही हसणार होत्या, पण हसल्या नाहीत.

निघताना सिस्टर दारात थांबायच्या आणि विचारायच्या, "हौसाबाई, माझ्यावर राग आहे का गं अजून?" दर वेळी नाही, पण वर्षातून दोन-तीनदा तरी. हौसाबाई त्यावर कोंबड्यांना हाकलायची, नाहीतर चुलीतलं लाकूड मागं ओढायची. एकदा म्हणाली, "ऊन व्हायच्या आत जा." एवढंच. एक शब्द हवा होता सिस्टरांना, चांगला नाहीतर वाईट. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मला हौसाबाईचा भयंकर राग यायचा.

सिस्टर निवृत्त झाल्या तरी गुरुवार चुकला नाही. त्यांना साखर होती, पुढे पायांवर सूज येऊ लागली. त्यांची सून मला फोन करून सांगायची, "ताई, अम्मींना समजवा ना, तुमचं ऐकतील." माझं कोण ऐकतं? मी सांगून बघितलं, की सिस्टर, बारा वर्षं झाली, पुरे आता, केलंत तेवढं खूप झालं. त्या चढावर दम खात उभ्या होत्या. म्हणाल्या, "खूप झालं की नाही, ते तिला ठरवू दे. तिच्या वतीनं एकदा मी ठरवलंय." मग पुन्हा चालायला लागल्या.

शेवटी मूत्रपिंडं गेली. तळेगावच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, आवाज मात्र खोल गेला होता. त्या आठवड्यात हौसाबाईकडे मी एकटी जाऊन आले होते. पहिला प्रश्न तोच, "टाचा उचलते का?" म्हटलं, उचलते. मग थोडं थांबून, "काही म्हणाली का?"

मी म्हटलं, "नाही, सिस्टर."

खोटं बोलता आलं असतं. आजही रस्त्याने चालताना माझ्या मनात येतं, की एक वाक्य बनवून सांगायला काय जात होतं माझं. पण उन्हातून आले होते, दोन बस बदलल्या होत्या, डोकं चाललं नाही. सिस्टर म्हणाल्या, "असू दे." चार दिवसांनी त्या गेल्या.

मातीला मी गेले कामशेतला. दफनभूमीत बायका जात नाहीत, म्हणून त्यांच्या घरीच सुनेजवळ बसून राहिले. त्यानंतरचा गुरुवार आला. हौसाबाईला सांगणार कोण, म्हणून मीच चढ चढले. ती ओटीवरच होती. माझ्या मागे रस्त्याकडे बघत होती, आणखी कुणी येतंय का म्हणून.

मी सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मला दिसलं की ती रडतेय. माझा ताबा सुटला. म्हटलं, "मावशी, आता रडून काय उपयोग? बारा वर्षं त्या बाईने तुमच्या तोंडातून एक शब्द निघायची वाट बघितली. मरताना विचारलं मला, काही म्हणाली का. एवढा कसला राग धरला होता तुम्ही?"

"राग कुटला गं?" हौसाबाई म्हणाली. "राग कवाच गेलता. ती खोटं बोलली, व्हय. पर पोरगं तापानं गेलं, तिनं न्हाई नेलं. नवऱ्याला जायाचंच व्हतं. मी काय येडी हाय व्हय?"

"मग सांगायचं ना त्यांना!"

"सांगितलं आसतं तर ती मोकळी झाली आसती." हौसाबाईने नाक ओढलं. "मोकळं मानूस कशाला यील ह्या चढावर? माज्याकडं दुसरं कोन येतंय, सांग की. लेक दिवाळीला येती. ही दर गुरवारी यायची. म्हनून बोलले न्हाई."

मला राग येतच होता, पण तो आता कुणावर काढायचा ते कळेना. मी तिच्या शेजारी ओटीवर बसले.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजं तर माज्याकडं कायबी न्हाई. तू कशाला येशील आता."

"येईन," मी म्हटलं. "पण मावशी, मी आले की बरं वाटतं असं कधी वाटलं, तर ते मला तोंडाने सांगा. मी शमीम सिस्टरांएवढी थोर नाही."