एक रेघ सुलट, एक रेघ उलट

हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रेनर प्रत्येक प्रश्न दोनदा विचारत. एकदा सुलट, एकदा उलट. स्टुटगार्टला आलो त्याच दिवशी जिन्यात त्यांनी मला गाठलं. "घर आवडलं?" मी म्हणालो, "हो." "म्हणजे नावडण्यासारखं काहीच नाही?" मग हीटर गार आहे, हे कबूल करावंच लागलं. समोरच्या घरात निवृत्त वकील राहतो, असं मी बायकोला जाऊन सांगितलं.

निघाले टेलिव्हिजनचे इंजिनिअर. रंगीत प्रक्षेपणाची जर्मन पद्धत घडत होती, तेव्हा ते हानोव्हरच्या एका प्रयोगशाळेत उमेदवारी करत होते. "अमेरिकेची पद्धत आधी आली," ते सांगत. "पण वाटेत सिग्नल जरा बिघडला, की बातम्या देणारा हिरवा! आम्ही धरूनच चाललो, की चूक होणार. म्हणून चित्राची एक रेघ सुलट पाठवली, पुढची उलट. दोन्ही जुळवल्या की चूकच चुकीला खाते. रंग किंचित फिका होतो. आल्झो, थोडक्यात काय, फिकं चालतं, खोटं चालत नाही."

जुळवायला पहिली रेघ क्षणभर थोपवावी लागे. ते काम टीव्हीतला काचेचा एक तुकडा करी. प्रयोगशाळेत हाताने घासलेला तसला एक तुकडा त्यांनी पन्नास वर्षं जपला होता. त्या वेळच्या सहकाऱ्यांपैकी ते धरून तिघेच उरले होते. रविवारी ते भेटणार होते आणि काच मधोमध ठेवून बिअर पिणार होते.

आणि शनिवारी माझी केरवोखं होती, म्हणजे जिना आणि तळघर झाडण्याची पाळी. एक आठवडा त्यांचा, एक माझा; पाळीची पाटी ज्याच्या दारावर, झाडू त्याच्या हातात. तळघराच्या खिडकीत त्यांच्या रिकाम्या बरण्या दिसल्या. म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला खेप! आमच्या लोणच्याच्या बरण्यांबरोबर त्याही नेल्या आणि रंग पाहून, अगदी जर्मन शिस्तीत, पांढरी काच टाकायच्या रस्त्यावरच्या डब्यात एकेक टाकल्या. बरण्यांशेजारी पुसून ठेवलेला, तारा लोंबणारा चौकोनी जाड तुकडासुद्धा. खळ्ळकन आवाज आला. कर्तव्याचाच आवाज तो!

घरी येऊन फुशारकी मारली. बायको म्हणाली, "अहो, बरणीला कधी तारा असतात का?"

जर्मनीत एवढा घाम मला कधी फुटला नव्हता. उचलून नेणारा दुसराच कुणी असेल, असं म्हणावं का, हा विचार त्यांचं दार वाजवेपर्यंत मनात होता. खोटं कशाला बोलू?

"तुमची काच मी टाकली."

त्यांनी विचारलं, "म्हणजे ठेवली नाहीत?"

"नाही."

"हेर गायकवाड, तुमचा चेहरा फिका पडलाय." आणि दार लावून घेतलं.

सोमवारी दार त्यांनीच वाजवलं. "तिघांनी रिकाम्या टेबलाभोवती बिअर प्यायली. तुमची गोष्ट ऐकून दोघं रडेपर्यंत हसले. आता हीच चूक उलटी करा. टाकलंत ना? आता उचलून आणा."

जुनं सामान रस्त्यावर ठेवायच्या दिवशी कुणाचा तरी जाडजूड रंगीत टीव्ही आम्ही चढावरून घरी ढकलत आणला. ते वाटभर हुकूम सोडत होते. मागचं झाकण काढून त्यांनी आतली काच अलगद सोडवली.

"आमच्या नागपूरच्या टीव्हीतही हीच असणार," मी म्हणालो. "भारतानं तुमचीच पद्धत घेतली."

त्यांचा हात थांबला. "रंग तपासायच्या आमच्या फोटोंत सगळ्या गोऱ्यापान बायका. तुमच्याकडे माणसं माणसांसारखी दिसायची?"

"हो."

"म्हणजे कुणी हिरवं नाही?"

"कुणीच नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. मग काच माझ्या हातात दिली. "तुम्ही सांभाळा. आता तुमच्याइतकं जपणारं कुणी नाही."

दोन वर्षांनी ते गेले. समोरचं घर अजून रिकामंच आहे. माझा आठवडा संपला की पाटी मी त्यांच्या दारावर लावतो, आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या वतीने जिना झाडतो. एक आठवडा माझा, एक त्यांचा.