कमिट करण्याआधी हात मांडीवर

फोन आला तेव्हा समोरच्या स्क्रीनवर, ओळीच्या सुरुवातीला, एक बारीक चांदणी होती. डेटाबेसमध्ये बदल करायला घेतला पण अजून पक्का केला नाही, की ती चांदणी दिसते. पक्का केला की जाते. एक कंटेनर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेल्याचं मी नुकतंच टाईप केलं होतं, हात मांडीवर ठेवले होते, आणि तेवढ्यात मोबाईलवर प्रज्ञाताईचं नाव आलं. प्रज्ञाताई म्हणजे माझ्या घरमालकीण तांबे मॅडमची भाची. ती म्हणाली, "बालाजी, मावशी गेली रे." मी नुसतं "हो" म्हणालो. का हो म्हणालो, माहीत नाही. यार्डाच्या नाईक साहेबांना सांगितलं, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि मिळेल त्या गाडीनं पनवेलच्या दवाखान्याकडे निघालो. चांदणी तशीच राहिली.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उठवलं होतं. उठलो, माईक हातात घेतला. भोवती मॅडमच्या ऑफिसातले जुने लोक, विहारातल्या बाया, शिकलेसवरलेले नातेवाईक... आणि मी नववीत शाळा सोडलेला, हिंगोलीकडचा, त्यांचा भाडेकरू. नुसतं जयभीम म्हणून खाली बसलो. प्रज्ञाताई नंतर म्हणाली, बोलता येत नसेल तर लिहून काढ. म्हणून हे लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात मी चेकर म्हणून लागलो तेव्हा राहायला जागा शोधत होतो. ज्या दारात जाईन तिथं आधी पूर्ण नाव विचारत, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" कुणी तोंडावर नाही म्हणत नव्हतं, पण खोली मात्र कालच दिलेली असायची. मॅडमच्या दारात गेलो तेव्हा त्या ओट्यावर सोडे निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "रात्रपाळी असते का? गेटची कडी फार वाजते, हळू लावावी लागेल." मी म्हटलं, हळू लावीन. त्यांनी चावी काढून दिली. माझं आडनाव त्यांना कितीतरी महिन्यांनी, माझं कुरिअर आलं तेव्हा कळलं असणार. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

यार्डातलं माझं काम असं, की कुठला कंटेनर कुठं ठेवलाय हे लक्षात ठेवायचं. कंटेनरला आम्ही डबा म्हणतो. डबे एकावर एक रचलेले, रांगाच्या रांगा. डबे उचलायची जी मोठी मशीन असते तिच्यावर इरफानभाई. ते वरून ओरडणार, "बालाजी, चौदा-बावीस किधर है?" आणि मी खाली पळत जाऊन दाखवणार. डब्यावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात, पण एवढं सगळं कोण बोलणार? शेवटचे चार आकडे, बस. अख्खं यार्ड तसंच बोलतं. मला इंग्रजी अक्षरं नीट वाचता यायला लागली ती या डब्यांवरूनच.

मग एक दिवस नाईक साहेबांनी आम्हा सगळ्या चेकरना बोलावून सांगितलं की हे पळापळीचं काम आता बंद होणार. ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर डबा कुठंय ते सांगणारा एक माणूस ठेवू, बाकीच्यांनी आपापलं बघावं. मी आधीच काळजी करणारा माणूस, गेटची कडी लागली की नाही ते दोनदा उठून बघणारा. गावी परत जाऊन करायचं काय? धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष माझ्या पगारावर चाललं होतं. मी गेलो असतो तर ती पण घरी बसली असती, मी बसलो होतो तशी. हे सगळं मॅडमना सांगायचं नव्हतं, पण त्या दिवशी कडी नीट लावली नाही. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं ते सांग, आणि मग कडी लाव."

तेव्हा मला कळलं की मॅडम नोकरीभर एका सरकारी ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात होत्या. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि डेटाबेस स्वतःच्या स्वतः शिकल्या. त्यांच्या पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला. "पोस्टग्रेस टाकू," त्या म्हणाल्या. "हा डेटाबेसच आहे. याचं चित्र हत्तीचं आहे, घाबरू नको, पाळलेला आहे." मी विचारलं, मॅडम, मला चालेल का, माझी दहावी पण नाही. त्या डाऊनलोडची पट्टी पुढं सरकताना बघत होत्या. म्हणाल्या, "आत्ता उतरवून घेताना तुझी मार्कशीट मागितली का कुणी?" नाही म्हटलं. "मागणारच नाही. जगात कुठं कुठं बसलेल्या लोकांनी हे लिहिलंय आणि घेऊन जा म्हणून ठेवलंय. फुकट आहे म्हणून हलकं समजू नको, एवढंच."

पहिल्याच पायरीला मी अडकलो. पासवर्ड टाका म्हणाला, मी टाकतोय, आणि स्क्रीनवर काहीच उमटेना. ना अक्षर ना ठिपका. मला वाटलं कीबोर्ड गेला. म्हटलं, मॅडम, माझ्याकडून मोडलं बहुतेक. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मोडलं नाही. त्याला दिसतंय, तुला दाखवत नाही. लिहीत जा आणि एंटर दाब." दाबला, आणि दार उघडलं. त्या संध्याकाळी मी माझं पहिलं टेबल तयार केलं. टेबल म्हणजे रकाने आणि ओळी. मॅडमनी मला समजवायला मसाल्याचा डबा आणून दाखवला नाही की काही नाही. म्हणाल्या, "तुला रांगा कळतात. यार्डासारखंच आहे. डब्याचा नंबर, ब्लॉक, रांग, कितवा मजला. लिही." मी लिहिलं. मग "सिलेक्ट" म्हणून विचारलं आणि मी घातलेले डबे ओळीनं समोर आले. मी पळत न जाता मला डबा दिसला होता.

टेबल करताना एक गोष्ट ठरवावी लागते. प्रत्येक ओळ दुसरीपासून वेगळी कशी ओळखायची, ती तिची चावी. तो रकाना मॅडमनी माझ्यावर सोडला. मी विचारच केला नाही, शेवटचे चार आकडे टाकले. यार्डातल्या कुणीही तेच टाकलं असतं. नाईक साहेबांनी एक ब्लॉक मला चाचणीला दिला, ऑफिसातला कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला, आणि काही दिवस सगळं मस्त चाललं. इरफानभाई मशीनवरून विचारायचे, मी खिडकीतून सांगायचो. ते म्हणायचे, "क्या बात है, साहेब हो गया तू. अब चाय मैं लाऊं क्या?"

मग एक डबा आला ज्याचे शेवटचे चार आकडे आधीच आत होते. डबा वेगळा, मालक वेगळा, फक्त शेपूट सारखं. मी ओळ घालायला गेलो तर डेटाबेस नाही म्हणाला. परत घातली, परत नाही. बाहेर ट्रेलरची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न मारतायत, आणि मला वाटलं हा डेटाबेस मलाच ओरडतोय. घाबरून मी आधीच्या ओळीवरच नवीन डब्याची जागा लिहून टाकली. ते त्यानं मुकाट्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी आधीच्या डब्याचा ट्रेलर आला. मी सांगितलेल्या जागेवरून इरफानभाईंनी दुसराच डबा उचलून दिला. गेटवर पूर्ण नंबर तपासतात म्हणून तिथं तो पकडला गेला, नाहीतर कुठल्या कुठं गेला असता. खरा डबा शोधायला सगळे चेकर दुपारभर उन्हात फिरले. नाईक साहेब एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी ते खेळणं बंद कर आणि हिशेब करून जा."

घरी आलो आणि बॅग भरायला घेतली. मॅडम दारात उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो नाही म्हणाला तेव्हा तू काय केलंस?" म्हटलं, जुन्यावर नवीन लिहिलं. त्या खाली बसल्या. तेव्हाच त्यांना दम लागायला लागला होता, पण ते मला नंतर कळलं. म्हणाल्या, "तो ओरडत नव्हता रे. तो तुला विचारत होता, की हे दोघं खरंच एकच आहेत का?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "चावी अशी असावी की तिच्यावरून काहीच कळू नये. कोण, कुठला, कुणाचा, काही नाही. फक्त एवढंच कळावं, की हा एक आहे आणि तो दुसरा. असा नुसता क्रमांक डेटाबेस स्वतः देतो, तो घे. बाकी नाव-गाव बाजूच्या रकान्यात." मी मान हलवली. त्या उठता उठता म्हणाल्या, "मी नोकरीला लागले तेव्हा त्या गावात खोली शोधत होते. माझ्या आडनावावरून लोकांना सगळं कळायचं. काम सोडून सगळं." एवढंच. पुढं त्या विषयावर मॅडम कधी बोलल्या नाहीत. मला मात्र पहिल्या दिवशीचा तो कडीचा प्रश्न तेव्हा उमगला.

सकाळी त्या माझ्याबरोबर यार्डात आल्या. मी नको नको म्हणत होतो. गेटवर त्यांना हेल्मेट दिलं ते एवढं मोठं की डोळ्यांवर येत होतं. ते एका हातानं वर धरून त्या नाईक साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सगळे डब्याला शेवटच्या चार आकड्यांनी हाक मारता. यानं तुमचीच बोली मशीनला शिकवली. चूक असेल तर सगळ्या यार्डाची आहे." साहेब म्हणाले, मग काय पूर्ण नंबर बोलत बसायचं? इरफानभाई चहा घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, मशीनवरून सगळा नंबर ओरडलो तर दोन दिवसात घसा बसेल माझा." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही चारच ओरडा. आत पूर्ण राहू दे. सारखे दोन निघाले तर हा दोन्ही वाचून दाखवेल, मग तुम्ही ठरवा." साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग मॅडमच्या हेल्मेटकडं. "बसा मॅडम," ते म्हणाले, "किती वेळ लागेल?"

लागला तेवढा वेळ मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसून होत्या. नवं टेबल मीच केलं, त्यांनी कीबोर्डला बोट लावलं नाही. ते झाल्यावर त्यांनी मला त्यांची सवय शिकवली. त्यांच्या ऑफिसात एकानं घाईत एका ओळीत बदल करायचा तो सगळ्याच ओळींत केला होता. सगळ्या लोकांचं गाव एकच झालं, आणि ते निस्तरता निस्तरता मॅडमच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून त्या काही बदलायचं असलं की आधी "बिगिन" लिहीत, मग बदल. डेटाबेस सांगतो किती ओळी बदलल्या. ते वाचायचं, आणि वाचताना दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायचे. "एकच हलवायचा होता ना? एकच हललाय ना? असेल तर कमिट, म्हणजे पक्कं. नसेल तर रोलबॅक, काही झालंच नाही. मशीनला घाई नसते, आपल्याला असते. म्हणून हात बांधायचे." मी हात मांडीवर ठेवले तर इरफानभाई हसायला लागले, "पूजेला बसलास काय रे?" मॅडम म्हणाल्या, "हसू दे. तू ठेव."

मला ती जागा मिळाली. बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या चेकरांपैकी दोघांना साहेबांनी गेटवर घेतलं, बाकीचे गेले. ते मला अजून टोचतं, पण मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, टोचू दे. पुढं त्यांचं दुखणं वाढलं. दवाखान्यात शेवटचं भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती. बोलायला त्रास होत होता. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, कामाचं. मी सांगितलं, आता सगळे ब्लॉक आत आहेत, सारखे चार आकडे निघाले तर दोन्ही दिसतात. त्यांनी पांघरुणावरचे दोन्ही हात थोडे उचलले आणि परत ठेवले. मी म्हटलं, हो मॅडम, ठेवतो.

अंत्यविधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी यार्डात गेलो. मध्येच कनेक्शन तुटलं होतं, त्यामुळे चांदणीवाला तो बदल पुसला गेला होता. इरफानभाईंनी डबा केव्हाच नव्या रांगेत नेऊन ठेवला होता, पण डेटाबेसच्या लेखी तो अजून जुन्याच जागी होता. परत बिगिन लिहिलं, परत बदल केला. एक ओळ. हात मांडीवर ठेवले ते बराच वेळ उचलले नाहीत. खिडकीबाहेर इरफानभाईंची मशीन थांबलेली होती. एरवी ते ओरडले असते.

मॅडमची पुढची खोली प्रज्ञाताईनं तशीच ठेवली आहे, कॉम्प्युटरवर रुमाल. मी अजून तिथंच राहतो आणि कडी हळूच लावतो. यार्डात आता आम्हाला वॉकीटॉकी दिले आहेत. काल दुपारी त्यातून इरफानभाईंचा आवाज आला.

"बालाजी, चौदा-बावीस ठेवला. बी ब्लॉक, तिसरी रांग."

"लिहिलं."

"हाथ?"

"मांडीवर."

"एकच ना?"

"एकच."

"तो फिर कर."

मी कमिट लिहिलं. चांदणी गेली.