यशूचे पाय दक्षिणेला

डॉक्टरांनी यशूचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, बोटांनी कवटीचे सांधे चाचपले, टाळू बघितली. मग डोकं सोडलं आणि मानेकडे वळले. डाव्या कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणाऱ्या स्नायूवर बोट ठेवून म्हणाले, "डोक्याचं नंतर बघू. दुखणं इथे आहे."

तोवर माझ्या नातीच्या त्या डोक्याकडे अर्ध्या अमरावतीने आणि सगळ्या अकोल्याने बघून झालं होतं. मानेकडे एकाही माणसाने बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. म्हणजे मानेचा एका बाजूचा स्नायू आखूड आणि ताठ असणं. पोटात बाळ अवघडून राहिलं की असं होऊ शकतं. यशूला डावीकडे मान वळवता येत नव्हती, म्हणून ती जन्मापासून उजवीकडेच बघत होती. तीन महिन्यांच्या बाळाची कवटी मऊ. उजव्या बाजूवर टेकून टेकून मागून तिथेच सपाट झाली, उजवा कानही थोडा पुढे सरकला. या चपटेपणाला पोझिशनल प्लेजिओसेफली म्हणतात. म्हणजे एकाच बाजूवर पडून राहिल्याने डोकं तिरकं बसणं.

"मेंदूला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "कवटीचे सांधे वेळेआधी जुळले असते तर गोष्ट वेगळी होती. त्याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात, त्याला ऑपरेशन लागतं. ते इथे नाही."

माझी मुलगी प्रज्ञा, यशूची आई, तिला दुपट्यात गुंडाळत होती. तिने एकच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

प्रज्ञा तिथेच रडायला लागली. आणि माझं डोकं सणकलं. मी एसटीत कंडक्टर होते. माझी हाक अमरावतीच्या स्टँडवर निघाली की परतवाड्यातले प्रवासी पिशव्या उचलायचे. पण त्या दिवशी दवाखान्यात आवाज काढता येईना. म्हणून तो सगळा आवाज आता इथे काढते आहे. ज्यांच्या घरात असं बाळ आहे त्यांनी ऐकावं, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनी तर दोनदा ऐकावं, कारण सल्ले त्यांच्याकडूनच येतात.

सुरुवात बारशाला झाली, यशू दीड महिन्याची असताना. प्रज्ञाचं सासर अकोल्याचं. बाळंतपणाला ती आमच्याकडे अमरावतीला आलेली. विहीणबाईंनी यशूला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि भर पंगतीत म्हणाल्या, "प्रज्ञा, पोरीचं डोकं बसलं ना वं. तू पलटवत नाही का तिले?"

झालं. बुंदी बाजूला राहिली आणि सगळी पंगत यशूच्या डोक्यावर येऊन बसली. एक म्हणाली, चपट्या डोक्यात अक्कल कमी मावते. मी तिचं डोकं बघितलं. नारळासारखं गोल होतं आणि अक्कल नारळाच्या पाण्याइतकी. दुसरी म्हणाली, पोरीची जात आहे, उद्या लग्नाला अडेल. पोरीला अजून माशी हाकलता येत नव्हती आणि यांनी तिला बोहल्यावर चढवलं. तिसरी म्हणाली, उपडं झोपवा. चौथी म्हणाली, आपोआप होते, आमच्याकडे तर सगळ्यांची डोकी अशीच आहेत. ते मात्र मला पटलं.

चार दिवसांत अकोल्याहून मोहरीची उशी आली. विहीणबाईंनी स्वतः शिवलेली, आणि एवढी मोठी की यशूऐवजी आमचं अख्खं कुटुंब तिच्यावर झोपलं असतं. "मोहरीत डोकं गोल बसते," असं फोनवर सांगणं. सोबत दुसरंही सांगणं, की मालिश करताना डोकं दोन्ही तळव्यांनी दाबायचं. मग जावईबापूंच्या एका मित्राने हेल्मेटचा व्हिडिओ पाठवला. त्यातली बाळं अशी दिसत होती की आता मोटरसायकलवर बसून नागपूरला निघतील.

प्रज्ञा सगळ्यांचं ऐकत राहिली. आई नवी असली की तिला मत नसतं, फक्त अपराध असतो. ती यशूला पलटवायची, यशू परत उजवीकडे वळायची. ती रडायची. शेवटी मी तिला उठवलं आणि दवाखान्यात नेलं.

मोहरीच्या उशीचं नाव काढताच डॉक्टरांचा चेहरा बदलला. "ती आजच काढा. एवढ्या बाळाच्या डोक्याखाली उशीच नको, तोंड दबून श्वास अडकू शकतो. डोकं दाबायचं नाही. उपडं झोपवायचं नाही. झोप पाठीवर, खेळ पोटावर. जागी असताना, तुमच्या डोळ्यांसमोर."

"आणि हेल्मेट?" प्रज्ञाने विचारलं.

"फार थोड्या बाळांना लागतं. वेळ आली तर मी सांगेन. आधी मान मोकळी करू. पण आपोआप होईल म्हणून बसू नका. कवटी मऊ आहे, हेच महिने कामाचे आहेत."

मानेच्या व्यायामासाठी त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आणि घरी करायची एक साधी गोष्ट सांगितली. आमच्या खोलीत दिवाण पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे आणि दार पूर्वेला. यशूचं डोकं दक्षिणेला असायचं, म्हणजे दार तिच्या उजव्या हाताला. येणारं जाणारं माणूस, उजेड, आवाज, सगळं उजवीकडे. डावीकडे नुसती भिंत. मान आखडलेल्या पोरीला आम्हीच उजवीकडे बघायची लाच देत होतो. डॉक्टर म्हणाले, "डोकं आहे तिथे पाय करा. म्हणजे दार डावीकडे येईल."

फुकटचा इलाज. मी घरी येऊन यशूला उचललं, फिरवून ठेवलं. तेवढ्यात प्रज्ञाचे बाबा आत आले आणि जागेवरच थांबले.

"पाय दक्षिणेकडे?"

"हो. डॉक्टरनं सांगतलं."

"बाकी सारं करू. पाय दक्षिणेकडे नाही कराचे."

दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून झोपू नये, हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पण हा माणूस कोण, तर बडनेऱ्याला रेल्वेत उभी हयात नोकरी केलेला, कुणाच्या घरी सत्यनारायण असला तर प्रसाद न घेता हात जोडून पुढे जाणारा. मी म्हटलं, "अवो, छप्पन साली दीक्षा घेऊन तुमच्या आजानं देव्हारा उचलून बाहेर ठेवला. यमाले तेवढं भाड्यानं ठेवलं का घरात?"

"मी मानत नाही," ते म्हणाले. "पण पाळतो. लहान लेकरू आहे. कावून विषाची परीक्षा घ्याची?"

"मी अमरावती-बडनेरा किती खेपा केल्या, साऱ्या दक्षिणेकडे पाय करून. मले नेलं का यमानं? आला तं येऊ द्या. तिकीट काढल्याबिगर उतरू देत नाही मी त्याले."

ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस हट्ट करत नाही, घाबरला आहे. माणूस घाबरला की त्याला दिशा दिसायला लागतात. पण म्हणून मी मागे हटले असं नाही. मी यशूला उत्तरेला डोकं करून ठेवायची, स्वयंपाकघरात जाऊन यायची, तर यशू फिरलेली. पुन्हा मी फिरवायची, पुन्हा ते. त्या आठवड्यात पोरीने दिवाणावर पृथ्वीप्रदक्षिणा केल्या, आणि मान होती तिथेच.

त्यातच विहीणबाईंचा फोन आला. अचलपूरला एक जण आहे म्हणे. एका झटक्यात मान सरळ करतो. "शेतातली कापसाची वेचणी आटोपली की मी येईन अन् पोरीले घेऊन जाईन." प्रज्ञाने फोन ठेवला आणि यशूला उचलून छातीशी धरलं. तीन महिन्यांच्या लेकराच्या मानेला झटका. कोंबडीच्या मानेलाही लोक एवढ्या घाईने झटका देत नाहीत, आधी पाणी पाजतात. मी प्रज्ञाला म्हटलं, माझ्या प्रेतावरून जावं लागेल. पण मला विहीणबाई माहीत होत्या. त्या गेल्या असत्या.

फिजिओथेरपिस्टकडे प्रज्ञा, तिचे बाबा आणि मी, तिघंही गेलो, यशूला घेऊन. तरुण बाई होत्या. यशूला टेबलावर ठेवलं, एक हात खांद्यावर, एक हात डोक्याला, आणि इतक्या हळू मान वळवली की जणू झोपलेल्या माणसाच्या हातातून पेपर काढताहेत. यशू कुरकुरली की थांबायच्या. हा व्यायाम वाचून किंवा बघून करायचा नाही, त्यांनी प्रज्ञाच्या हातावर हात ठेवून शिकवला. मग विचारलं, "झोपायची बाजू बदलली का घरी?"

मी काही बोलण्याआधी प्रज्ञा बोलली. "बाबा बदलू देत नाहीत. दक्षिण दिशा येते."

एवढ्या महिन्यांत तिने पहिल्यांदा कुणाचं नाव घेऊन काही सांगितलं. तिच्या बाबांनी खाली बघितलं. मग टेबलाकडे. मग खिशातून मोबाईल काढला, त्यात होकायंत्र उघडलं, खिडकीपर्यंत जाऊन आले, मोबाईल उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"काका, नेटवर्क नाही येत का?"

"ताई, हा टेबल असाच असते?"

"असाच. शेकायच्या दिव्याचं बटण त्या भिंतीत आहे ना."

"मंग इथं येणारं एकूण एक लेकरू असंच झोपते?"

"हो काका. का?"

यशूचं डोकं उत्तरेला होतं. पाय नीट सरळ दक्षिणेला. बाहेर बाकांवर पाच-सहा आया बसल्या होत्या. त्यांची सगळी पोरं याच टेबलावर यमाकडे पाय करून मान मोकळी करून घेत होती, आणि यमाला त्याचा पत्ता नव्हता. प्रज्ञाच्या बाबांनी मोबाईल खिशात ठेवला. घरी आल्यावर स्वतः यशूला घेतलं, उत्तरेला डोकं करून ठेवलं, आणि दाराच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले, वाजवायला हातात वाटी-चमचा. उद्या यम आला असता तर आधी त्यांच्या वाटीवर आपटला असता.

त्यानंतरचे दिवस वाटीच्या आवाजात गेले. प्रज्ञा व्यायाम करायची, मी यशूला पोटावर ठेवून समोर लोळायची, ते वाजवायचे. यशूची मान मध्यापर्यंत यायची आणि परत भिंतीकडे. रोज थोडी पुढे, पण पूर्ण नाही. आणि तिकडे वेचणी आटोपत आली होती.

एक दिवस फोन न करता विहीणबाई आल्या. यशू भिंतीकडे तोंड करून पडली होती. विहीणबाई दारातूनच, चपला पायात तशाच, माझ्या तोडीच्या आवाजात म्हणाल्या, "कुठं आहे माही यशू? तयार करा तिले, अचलपूरची गाडी सापडली पाह्यजे."

यशूचं डोकं हललं. भिंतीवरून निघालं, मध्यावर आलं, थांबलं. चमचा वाटीत थांबला. मग डोकं तसंच पुढे गेलं, डावीकडे, पूर्ण, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. तिने आपल्या आजीकडे बघितलं.



"माह्याकडं पाह्यलं तिनं," विहीणबाई म्हणाल्या.

"हो आई," प्रज्ञा म्हणाली. "तिकडं तिले वळताच येत नव्हतं. म्हणून डोकं बसलं होतं."

विहीणबाईंनी चपला काढल्या. बाहेर जाऊन पुन्हा आत आल्या, पुन्हा हाक मारली. यशू पुन्हा वळली. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि तिथून हाका मारत राहिल्या. अचलपूरची गाडी गेली. शेवटी त्यांचं लक्ष दिवाणाकडे गेलं.

"अवो इवाई, पाय दक्षिणेकडे कावून केले तिचे?"

"मी काही मानत नाही, विहीणबाई," प्रज्ञाचे बाबा म्हणाले. "पण पाळतो."

यशू आता बसते. हेल्मेट लागलं नाही. डोकं मागून अजून किंचित सपाट आहे, डॉक्टर म्हणतात वाढत्या वयात आणखी भरेल आणि उरलेलं केसांत जाईल. मानेवर आधी बोट ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांची आणि त्या टेबलवाल्या ताईंची मी ऋणी आहे. उशीतल्या मोहरीचं मी लिंबाचं लोणचं घातलं आणि एक बरणी अकोल्याला पाठवली. चांगलं झालं आहे, असा फोन आला.

आणि एवढं सगळं होऊनही लग्नकार्यात कुणीतरी येतंच, यशूच्या मागे उभं राहून तिच्या डोक्याकडे निरखून बघतं. मी काही बोलत नाही. यशू मान वळवते आणि त्यांच्याकडे बघते. ज्या बाजूने आले असतील त्या बाजूने.