वीकनेस

कांजी केलेल्या शर्टाचा वास आला की बाबांचा तो इंटरव्ह्यू आठवतो. शहरात नव्या परदेशी कंपन्या येत होत्या आणि कुकटपल्लीतला बाबांचा जुना कारखाना बंद पडला होता. शेचाळिसाव्या वर्षी ते नोकरी शोधत होते. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ‘एक्स्पीरियन्स’, ‘सॅलरी एक्स्पेक्टेड’ असे शब्द त्यांच्याकडून घोकून घेतले होते. दुपारी ते बरकतपुऱ्याच्या घरी परतले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, “साहेबांनी विचारलं, तुमचा वीकनेस काय? मी सांगितलं, गेल्या साली कावीळ झाली होती, आता एकदम तंदुरुस्त आहे. तर समोर बसलेले तिघंही हसायला लागले. काही चुकलं का गं माझं?” तिथे स्वभावातली उणीव सांगायची असते हे मला ठाऊक होतं, पण शिकवायचं राहून गेलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, “नाही बाबा, बरोबरच सांगितलंत.” पुढच्या तीन ठिकाणी त्यांनी तेच उत्तर दिलं, दर वेळी जास्त ठामपणे. मग अर्ज करणंच सोडलं. आता ते नाहीत. त्या शब्दाचा अर्थ मी त्यांना शेवटपर्यंत सांगितला नाही.