कबरेचा दगड

रविवारी सकाळी नानाजींच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर त्यांचा मुलगा धीरज बसतो. नानाजी सायकलला खराटा, विळा आणि पाण्याची कॅन बांधून केव्हाच स्टेशनामागच्या गोरा कबरस्तानात गेलेले असतात. ही गोष्ट आजची नाही. त्यांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासूनची आहे. सुरुवातीला गावानं टिंगल केली, नानाजीनं भुताइची चौकीदारी धरली म्हणून. मग गावाला सवय झाली, सवयीचं हळूहळू कौतुक झालं, आणि यंदा नगरपरिषदेनं कबरस्तानाच्या फाटकाशी माहितीचा फलक लावून त्याच दिवशी नानाजींना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. शाल जाहीर झाली की माणसानं खूश व्हावं. नानाजींचं जेवण तुटलं.

कबरस्तान तसं लहानच. आधी रूळ टाकायला आणि मग रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यावर जे गोरे साहेब आले, त्यातले काही इथल्या उन्हानं गेले, काही पटकीनं, आणि बरीचशी त्यांची लेकरं नुसत्या तापानं. त्यांच्यासाठी गावाबाहेर ही जागा धरली. ज्यानं कोणी ती आखली, त्याला आमची माती बरोबर कळली होती. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उभा केलेला दगड चार वर्षांत प्यायलेल्या माणसासारखा कलतो. म्हणून आधी गाड्यागाड्यांनी मुरूम ओतून जमीन उंच केली, भोवती काळ्या दगडाची कंबरेइतकी भिंत घातली आणि पाणी निघून जायला भिंतीच्या पायाशी मोऱ्या ठेवल्या. फाटकातून एक वाट सरळ जाते, दुसरी तिला आडवी छेदते. सगळ्यांचे पाय उगवतीकडे. मोठ्यांच्या कबरी वाटेच्या दोन्ही अंगांना, आणि दक्षिणेच्या भिंतीशी, कडुलिंबाच्या सावलीत, लेकरांची वेगळी ओळ. तिथले चौथरे अडीच-अडीच हातांचे.

त्या ओळीत नानाजींचा जीव अडकला होता. साबणाच्या आणि बिस्किटांच्या डब्यांवरचं वाचून वाचून त्यांना इंग्रजीची मोठी अक्षरं येत. लुसी नावाची एक चार वर्षांची मुलगी तिथं आहे, तिच्या दगडाशी त्यांनी सदाफुली लावली होती. पण लुसीच्या शेजारचा चौथरा बोडका होता. त्याच्यावर ना नाव, ना दगड. नानाजी सगळं कबरस्तान निगुतीनं झाडायचे, पण त्या चौथऱ्याशी आले की पाठ करायचे आणि खराटा मागच्या मागे फिरवायचे. त्याच्याकडे त्यांनी कधी धड पाहिलंच नाही. कारण त्याच्यावरचा दगड कुठं आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं.

तो त्यांच्या घरी होता, न्हाणीत. त्याच्यावर धुणं धुतलं जाई.

नानाजी आठ-नऊ वर्षांचे असताना गळाला लावायला गांडुळं शोधत होते. न्हाणीतल्या दगडाखाली ओल असते, म्हणून त्यांनी त्याच्या कडेखाली लाकूड घालून तो उचलायला घेतला. तेवढ्यात त्यांची आई आली, पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "कबरेचा दगड हाय तो. उलटवजो नको."

झालं! नानाजींना तेव्हा कबरी एकाच ठिकाणच्या माहीत होत्या. पोरानं मनाशी हिशेब मांडला की आपल्या आजोबानं गोऱ्यांच्या कबरस्तानातून दगड उचलून आणला. पुढे वाढत्या वयाबरोबर तो हिशेबही वाढत गेला. घरात कोणी आजारी पडलं की नानाजींना दगड आठवे. दुकानात गूळ पाघळला तरी दगडच आठवे. आई पुढं चांगली म्हातारी होऊन गेली, पण एवढ्या वर्षांत तिला एकदाही नीट विचारायची त्यांची छाती झाली नाही. खरं निघालं तर काय, ही भीती. त्यापेक्षा दर रविवारी तिथं जाऊन झाडावं, तण काढावं, म्हणजे आजोबाचं पाप थोडं थोडं झिजेल, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं. आणि जन्मात त्या दगडावर पाय ठेवला नाही. अंघोळ ते न्हाणीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, लाकडी पाटावर, अंग चोरून करत. त्यांची बायको प्रमिलाबाई याला नवऱ्याचं सोवळं समजे. त्यांचं धोतर मात्र रोज त्याच दगडावर आपटलं जाऊन त्यांच्याच कंबरेला बसत होतं, त्याला काय करणार!

आता धीरजनं काढलं नवीनच. फलकाच्या दिवशी नगरपरिषदेची माणसं घरी चहाला येणार, म्हणून त्याला न्हाणीत टाइल्स बसवून हव्या होत्या.

"शनिवारी रुपेश गवंडी येऊन राह्यला," त्यानं जेवताना सांगितलं. "तो दगड काढून टाकू, बाबा. किती वर्साचा झाला."

"दगड हालवाचा नाई," नानाजी म्हणाले.

"काऊन?"

"नाई म्हणजे नाई."

"अन् मी धुनं कुठी धुवू?" प्रमिलाबाईंनी वाढता वाढता विचारलं. "टाइल्सवर? घसरून पडली तं उचलाले कोन येईन, नगरपरिषद?"

त्या तिघांच्या बोलण्यात ठरलं काहीच नाही, पण शनिवार काही थांबला नाही. रुपेश लोखंडी सब्बल, घमेलं आणि एक मजूर घेऊन सकाळीच हजर. नानाजी दुकानात होते. साखर तोलता तोलता त्यांचा हात थांबला. उद्या चारचौघांत खांद्यावर शाल पडेल, लोक टाळ्या वाजवतील, आणि आपण मेलेल्या लेकराचा दगड घरात दडपून बसलेले. हे त्यांना सहन होईना. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून ते घरी आले. वाटेतच त्यांनी नक्की केलं होतं: दगडावर नाव निघालं तर तो हातगाडीवर घालायचा, उद्या सगळ्यांदेखत त्या बोडक्या चौथऱ्यावर नेऊन ठेवायचा आणि सांगायचं, शाल नको, हे आमच्या घरून घ्या. मग गावानं तोंडात शेण घातलं तरी चालेल.

"रुपेश," ते न्हाणीच्या दारातून म्हणाले, "फोडू नको. उलटा कर. माह्यासमोर कर."

सब्बल घातली, दोघांनी जोर लावला, आणि एवढ्या वर्षांचा तो दगड चिखलाचा आवाज करत पलटला. खालून गोगलगायी निघाल्या, काळी घाण निघाली. प्रमिलाबाईंनी बादलीभर पाणी फेकलं. नानाजींनी डोळे मिटून घेतले होते.

"नानाजी, काहीतरी लिवलं हाय याच्यावर," रुपेश म्हणाला. "इंग्लिश वाटते."

चोरी पक्की झाली होती. नानाजींनी डोळे उघडले, वाकून पाहिलं, आणि एकेक अक्षर लावलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"अरे," ते म्हणाले, "ही तं तिथी हाय!"

"कोन?" धीरजनं विचारलं.

"लुसी."

"कोन लुसी?" प्रमिलाबाईंच्या आवाजाला एकदम धार आली.

मग नानाजी तिथंच पाण्याच्या पिंपाला टेकले आणि सगळं सांगून मोकळे झाले. आईचा धपाटा, आजोबाची चोरी, बोडका चौथरा, दर रविवारचं झाडणं, लाकडी पाट, सगळं. सांगताना त्यांचा आवाज लहान पोरासारखा चिरकत होता. पण शेवटी येऊन ते अडले. लुसीचा दगड तर लुसीच्या डोक्याशी उभा आहे, गेल्या रविवारीच ओल्या फडक्यानं पुसला. मग हा कोणाचा?

प्रमिलाबाई दगडावर वाकल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, तेही मराठीतच. बराच वेळ त्यांनी डोकं तिरपं करकरून पाहिलं.

"मले इंग्रजी समजत नाई," त्या म्हणाल्या, "पन हे इंग्रजीच हाय काजी? मंग याच्या डोक्यावर रेघ काऊन मारली?"

सगळे पुन्हा वाकले. खरंच की! लुसीच्या चारही अक्षरांच्या माथ्यावरून एक सरळ, सुबक, लांबलचक रेघ ओढलेली होती. कोणा पाथरवटानं साहेबाच्या कागदावरून अक्षरं हुबेहूब उतरवली आणि मग, आयुष्यभर देवळांच्या पायऱ्यांवर मराठी नावं कोरली होती त्याच सवयीनं, वरून शिरोरेघ देऊन टाकली. रेघेशिवाय शब्द त्याला उघडा वाटला असणार. त्या रेघेमुळे दुसरं अक्षर झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखं दिसत होतं.

रुपेशला हसू आवरेना. "साहेबानं पाह्यला असन अन् म्हटलं असन, हे काय करून ठेवलं बे! नेला असन मंग वापस."

"वापस कुठी नेईन?" धीरज हळूच म्हणाला. "बाबा, आपलं घर पंजोबानं कोनापासून घेतलं?"

पाथरवटापासून. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीचं नावच पाथरवट गल्ली. नानाजींना तर ते पाळण्यापासून माहीत होतं. पण भीती घेऊन जगणाऱ्या माणसाला घराचा पत्ता आठवत नाही. बिघडलेला दगड पाथरवटानं आपल्याच न्हाणीत पालथा टाकला, आणि घरासोबत तो यांच्या आजोबांकडे आला. कबरेचा दगड खराच, पण कबरेसाठी घडवलेला. कबरेवर तो एक दिवसही गेला नव्हता.

"पन माय काऊन म्हने मंग, उलटवजो नको?" नानाजींनी विचारलं. ते अजून पूर्ण सुटले नव्हते.

प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, आत्याबाईनं मले लगनाच्या वर्षीच सांगतलं होतं. म्हने, सूनबाई, दगड उलटवजो नको, खालून छिन्नी-टाकीचं काम हाय, लुगडे फाटतीन!"

आत्याबाई म्हणजे प्रमिलाबाईंच्या सासूबाई, नानाजींची आई. एका सरळ साध्या गोष्टीचा अर्धा तुकडा तिनं मुलाला दिला आणि अर्धा सुनेला, आणि एवढा संसार करून त्या दोघांनी तो कधी जोडून पाहिला नाही.

"मले इचारलं असतं एक डाव," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एक डाव!"

नानाजी हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग पोट धरून. किती वर्षांत घरात असं हसले नव्हते. धीरज घाबरून पाणी आणायला धावला.

दुपारी प्रमिलाबाईंनी लुगड्याचा पदर खोचला. "चला," त्या म्हणाल्या, "पाहू द्या तुमची लुसी." एवढ्या वर्षांत त्या कबरस्तानात कधी गेल्या नव्हत्या. धीरजनं दोघांना ऑटोनं सोडलं. लेकरांच्या ओळीशी येईपर्यंत प्रमिलाबाईंची चेष्टा चालली होती. तो इवलासा चौथरा पाहिला आणि थांबली. "एवढीशी पोर होय व माय," म्हणून त्यांनी दगडाच्या कडेवरून हात फिरवला. नानाजींनी चष्मा पुसून अक्षरं पाहिली. साहेबाला हवी तशीच होती, मोकळी, रेघेशिवाय. फक्त पहिल्या अक्षराच्या माथ्यावर बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी एक आडवी खूण होती. नानाजी ती नेहमी पाहत आणि टवका उडाला असेल समजत. आता त्यांना कळलं. दुसऱ्या दगडावरही पाथरवटाचा हात रेघेकडे वळला होता, आणि वेळेवर जीभ चावून तो थांबला होता.

मग ते बोडक्या चौथऱ्याकडे वळले. या खेपेला पाठ केली नाही. गवत उपटलं, माती खरवडली. मधोमध एक गोल भोक होतं आणि त्यात गंजलेल्या सळईचं थोटूक. तिथं दगड कधी नव्हताच. लोखंडी क्रूस असावा, पाण्यापावसानं सडून पडला. नानाजी त्या चौथऱ्याच्या कडेला टेकले आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की काही वेळ उठवेना. आजोबा चोर नव्हता.

टाइल्स बसल्या. दगड पुन्हा होता तिथंच ठेवला, अक्षरं खाली घालून, कारण लुगडी अजून फाटू शकत होती. नगरपरिषदेला काय वाटायचं ते वाटो, असं प्रमिलाबाईंनी सुनावलं.

रविवारी सकाळी कार्यक्रमाआधी नानाजी अंघोळीला गेले. पलीकडच्या कोपऱ्यात लाकडी पाट मांडून ठेवला होता. त्यांनी तो उचलून भिंतीला टेकवला आणि न्हाणीच्या मधोमध, त्या दगडावर, मांडी घालून बसले.

"अवो," त्यांनी हाक मारली, "पाठीवर पानी टाक."

प्रमिलाबाई तांब्या घेऊन आल्या, त्यांना तिथं बसलेलं पाहून दारातच थबकल्या. "थंड लागते काजी दगड?"

"नाई," नानाजी म्हणाले. "चांगला हाय. तू टाक पानी."