विहिरीचा भागाकार

एका उन्हाळ्यात गावची विहीर मी आटवली. पाणी पिऊन नव्हे, भागाकार करून.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन तीनेक वर्षं झाली होती. पेडगावच्या अलीकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि मी देवळामागच्या खोलीत राहायचो. परभणीला ट्रेनिंगला असताना एका विद्वान गृहस्थांचं व्याख्यान ऐकलं होतं. माणसं गुणाकारानं वाढतात, धान्य बेरजेनं वाढतं, आणि एक दिवस दोन्ही आकड्यांची गाठ पडली की उपासमार. एवढं सोपं आणि एवढं भयंकर मी आधी काही ऐकलं नव्हतं. मी भारावून परतलो आणि उपासमार कुठे दिसते का ते शोधू लागलो. त्या साली ज्वारी बरी पिकली होती. तेव्हा मी विहिरीकडे वळलो.

वेशीच्या आतल्या साऱ्या गावाला प्यायच्या पाण्याची विहीर एकच. दोराला गाठी मारून मी खोली मोजली. दीड पुरुष पाणी. काठ पावलांनी मोजला. मग घरोघर फिरून किती तोंडं, किती घागरी, ते लिहून घेतलं. म्हशी धरल्या. दिवस गेलेल्या बायांच्या नावे अर्धी अर्धी घागर जास्त मांडली. दोन रात्री खपून भागाकार केला आणि सकाळी शाळेचा फळा पारावर आणून टेकवला. एका घराला एक ओळ, आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: अक्षय तृतीयेला विहीर कोरडी.

अक्षर फार देखणं आलं होतं. मी बाजूला उभा राहिलो, कुणी काही विचारलं तर समजावून सांगावं म्हणून.

पहिली आली ती आक्कांची लेक. आक्का म्हणजे गावातल्या एका मध्यम कुळवाड्याच्या बायको. नवरा गरीब स्वभावाचा, घर त्याच चालवायच्या. ही त्यांची थोरली. रझाकारांच्या धास्तीनं गावं उठली, त्या पळापळीच्या दिवसांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, नंतर ठरलेलं दुष्काळी सालात हुकलं, आणि आता कुठे पाथरीकडच्या घरी जमलं होतं. मुहूर्त अक्षय तृतीयेनंतर चौथ्या दिवशीचा. पोरगी माझ्याकडेच चौथी शिकलेली. तिनं ओळीवर बोट ठेवून सगळा फळा वाचला. खालपर्यंत आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, आणि माझ्याकडे बघून हसली. अक्षराचं कौतुक असावं असं मी समजलो.

दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला. मास्तरांनी मोजलंय म्हणल्यावर खोटं कसं असेल? जो तो घागर घेऊन धावला. रांजण भरले, माठ भरले, काहिली भरल्या. कणगी सोडून गावातलं प्रत्येक भांडं भरलं. एका म्हातारीनं नातवाचा पाळणा भरायचा तेवढा बाकी ठेवला. अक्षय तृतीयेला बारा दिवस होते. विहीर तिसऱ्या दिवशी खडखडली. पोहरा खाली गेला की चिखल घेऊन वर यायचा.

मी आनंदलो, हे कबूल करतो. सिद्धान्त खरा ठरला, नुसता थोडा लवकर ठरला.

संध्याकाळी पाथरीकडून व्याह्यांचा निरोप आला. पाणी नसंल तर दोनशे माणसांचं वऱ्हाड आणून काय करायचं, लग्न पुढच्या साली बघू. तो निरोप ऐकताना आक्कांची लेक दाराआड उभी होती. दोनदा हुकलेलं लग्न तिसऱ्यांदा हुकत होतं आणि ह्या वेळी हुकवणारा मी होतो. माझा आनंद तिथं संपला.

मी आक्कांच्या ओसरीवर गेलो. म्हणालो, "आक्का, चुकलं माझं."

त्या शेंगा फोडत होत्या. मान वर केली नाही. "ते ऱ्हाऊ द्या. किती घरात पानी भरून ठिवलंय?"

"सगळ्याच."

"किती दिस पुरंल?"

माझ्याजवळ आकडे होतेच. म्हणालो, "चार दिवस, जपून वापरलं तर पाच."

आक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मग हितं काय बसलाव? विहीर कोरडी, घरात पानी. अशी येळ पुन्ना येती का? पळापळीच्या आदीपासून गाळ निघाला न्हाई तिचा. पान्यावाचून गावाला एक दिस काढता येत न्हाई, मनून कुनी उपसूच देत न्हाई. आता आयतीच उपसलीय तुमी."

ज्याला मी शेवट म्हणून फळ्यावर लिहिलं होतं, त्यात ह्या बाईला कामाची सुरुवात दिसत होती. अंगठा उठवणारी बाई. पण माझा सबंध भागाकार त्यांनी शेंगा फोडता फोडता उलटा करून मांडला.

त्याच रात्री व्याह्यांना सांगावा गेला: मुहूर्त तोच, या. कशाच्या भरवशावर, ते आक्कांनाच ठाऊक. मला झोप लागली नाही.

उजाडता उजाडता घरटी एक माणूस विहिरीवर हजर झाला. आक्का काठावर उभ्या. खाली कोण उतरणार अशी चर्चा निघाली तर त्या म्हणाल्या, "मास्तरला सोडा की आदी. त्यान्ला खोली म्हाईत हाय."

कमरेला दोर बांधून मला खाली सोडलं. पाट्या भरभरून गाळ वर जाऊ लागला, त्यातला निम्मा माझ्या डोक्यावर परत येई. वरून पोरी हसायच्या. गाळात सात पोहरे सापडले, एक वहाण, आणि पळून जाताना कुणीतरी टाकलेली तांब्याची घागर. तिसऱ्या दिवशी पूर्वेच्या अंगाला कपारीत पहार मारली तशी माती ढासळली आणि माझ्या पायांवर गार पाणी आलं. मी ओरडलो. वरच्यांना वाटलं, मास्तरला साप चावला.

मी उभं पाणी मोजलं होतं. येणारं पाणी मोजायचं असतं, हे मला घोट्यापर्यंत भिजल्यावर कळलं.

पुढेही आक्कांनीच शिस्त लावली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कुणी पोहरा टाकायचा नाही, विहिरीला विसावा. त्या वेळात झरा भरून काढायचा. अक्षय तृतीयेला विहिरीत दोन पुरुष पाणी होतं. व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांना मी आजही खोटं म्हणत नाही. माणसं वाढतात, जमीन तेवढीच राहते, हे खरंच आहे. पण मुहूर्तावर वऱ्हाड यावं म्हणून गाळात हात घालायला लावणाऱ्या बाईसाठी त्यांच्या सिद्धान्तात एखादी ओळ हवी होती.

वऱ्हाड आलं. दोनशेचं अडीचशे झालं. पंगतीत पाणी वाढायचं काम मी आपणहून मागून घेतलं होतं. शेवटची पंगत उठली तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. आक्का तांब्या घेऊन समोर आल्या. मागे हळदीच्या अंगानं नवरी उभी, तेच फळ्यासमोरचं हसू हसत.

"घ्या मास्तर, प्या. लेक मनली, फळ्यावर तान्ह्या लेकरापस्तोर साऱ्या गावाची तोंडं हुती, एक तुमचंच नव्हतं. आमी समदे जास्तीचे, आन् तुमी तेवढे गावाला लागनारे व्हय?"